अंकी, अक्षरी

सेंट्रल बिल्डिंगच्या जिन्याखाली झेरॉक्सवाला म्हणाला,
"पर्यटनवाल्यांचा फॉर्म का? सात पानी. पेन स्वतःचं."

पेन होतं माझ्याकडे,
प्रवाशांची यादी करायचं.
दोन वर्षांत शाई वाळली होती,
हे नाव लिहिताना कळलं.

अंबिका टूर्स, धनकवडी. गाडी एक. सतरा आसनी.
अष्टविनायक दोन दिवसांत, नाश्त्यासकट,
जेजुरीच्या अलीकडे पहिला चहा, ओझरला मुक्काम,
महडहून परतताना घाटात कुणीतरी ओकणारच,
म्हणून पिशवीभर लिंबं.

रकाना चार : व्यवसाय सध्या सुरू आहे काय?
होय / नाही. लागू नसेल ते खोडा.
मी दोन्ही शब्दांकडे बघत बसले.
मार्चमध्ये गाडी भिंतीला लावली,
मेमध्ये सीटा काढून मंचरचा कांदा भरला.
"चला, पाच मिनिटांत गाडी सुटेल"
असं सांगणारा रमजान तांबोळीचा आवाज
कात्रजच्या गल्ल्यांतून ओरडायचा,
"पन्नासला दोन किलो!"
पण कांदा म्हणजे पर्यटन नव्हे.
त्याला रकाना नाही.

रकाना नऊ : झालेले नुकसान. अंकी. अक्षरी.
अंकी जमलं.
अकरा हप्ते, विमा, परत केलेले ॲडव्हान्स,
उभ्या उभ्या चपटे झालेले टायर.
तीनदा बेरीज केली, तीनदा वेगळी आली,
रमजान लेण्याद्रीच्या पायऱ्या मोजायचा तशी.

अक्षरी काय लिहू?
ससाणे आजोबा, सीट नंबर तीन,
दर चतुर्थीला फोन करायचे, "मग, यंदा?"
एका चतुर्थीला फोन आला नाही.
सून म्हणाली, "त्यांचे पाचशे राहू द्या तुमच्याकडे."
राहिलेत. वहीत आहेत अजून.
अक्षरी लिहायला जागा दीड इंच,
पुढे छापलेलं : फक्त.

खिडकीतला टेंबेकर कागद उलटत म्हणाला,
"सीटांसकट गाडीचा फोटो लागेल. चालू धंद्याचा पुरावा."
म्हणजे उठायला हात हवा असेल
तर आधी उभं राहून दाखवा.
हे मी मनात म्हटलं. पुण्यात राहून, मनात.
त्यानेच मग पानं टाचली, एकेक कोपरा जुळवून.
"मुदत शुक्रवारची आहे," म्हणाला,
"पण शनिवारी मी असतो."

सीटा काढल्या माळ्यावरून, पुसल्या.
सोळा भरल्या.
सतरावी कोंढव्यात, रमजानच्या घरी,
वर टॉवेल, समोर इस्त्रीचं टेबल.
मोबाइलवरची अख्खी आठवी
निलोफरने तिच्यावर काढली होती.
आता शाळा उघडलेली, तरी अभ्यास तिथेच.
मला बघून उठली.
"न्यायला आलात?"
मी म्हटलं, "बस. पाठ मागे सरकते का अजून?"
तिने सरकवून दाखवली.

सतरावी दुरुस्तीला, असं मी फॉर्मवर लिहिलं.
सरकारी कागदावर आयुष्यातलं पहिलं खोटं,
तेही सही करून.

आठ महिन्यांनी मेसेज आला. मागितले त्याच्या निम्मे.
शेजारचे काळोखे म्हणाले, "एवढ्यात काय होतंय?"
दोन टायर होतात. एक बॅटरी होते.
आणि किल्ली फिरवल्यावर जो आवाज येतो
तो ऐकून रमजान
पार्सल कंपनीतून दोन दिवसांची सुट्टी काढतो.

नऊ प्रवासी. सोळा सीटांत नऊ.
दिवे घाटाच्या चढाला मागच्या बाई विचारतात,
"अहो, इथली एक सीट कुठंय?"
रमजान आरशात बघून सांगतो,
"शाळेत गेलीय."

त्या हसतात. त्यांना वाटतं, विनोद.
मी पिशवीतली लिंबं मोजते.
मागे, रिकाम्या जागी, बोल्टांची चार भोकं,
त्यांतून खाली
रस्ता पळताना दिसतोय.